आगर

अडीचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये बुरशी शहाण्यासारखी वाढली.
शेकरवर तीन रात्री डुलत राहिली.
मग तिच्या गाळलेल्या पाण्यात मी चांदीचं मीठ सोडलं
आणि दुपारपर्यंत ते मधासारखं पिवळं झालं.
पिवळं म्हणजे कण सुटे आहेत,
वीस नॅनोमीटरच्या आसपास,
एकमेकांना अजून ओळखत नाहीत.
तो रंग मी फोनमध्ये ठेवला,
लेकीच्या पहिल्या दाताच्या फोटोशेजारी.

कुरियन सर म्हणाले, छान. आता दोनशे लिटर.

जणू नुसती शून्यंच लावायची होती.

रबाळ्याच्या गाळ्यात स्टीलची टाकी, माझ्याहून उंच,
आत बघायला वाटीएवढी काच.
पहिली बॅच सगळी फेस.
झाकणातून, फिल्टरमधून, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत फेस,
आणि तन्झीला पोछा घेऊन उभी, हसावं की रडावं.
दुसरीत बुरशी पात्यांना गुंडाळली,
मोरीच्या जाळीत केस अडकतात तशी.
तिसरी तापली.
पोट घनाने वाढतं, कातडी वर्गाने,
हे अकरावीत पाठ केलं होतं.
कळलं ते इथे, रात्री पावणेतीनला,
तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा
टाकीवर हात ठेवल्यावर.

चौथी करडी. पाचवीही करडी.
करडं म्हणजे कण चिकटले,
चांदी परत चांदी झाली,
तीही सोनाराकडे नेण्याच्या लायकीची नाही.
लहान भांड्यात बातमी लगेच पसरते.
मोठ्यात एका कोपऱ्यात जेवणावळ, दुसऱ्यात उपास.
वरून सोडलेला थेंब तळाशी पोचेतो
वरच्या मांडवात अक्षता पडून गेलेल्या.

रात्रपाळीला बाळाराम भोईर, गोठिवलीचा.
झडप फिरवताना बोलत नाही. त्या दिवशी बोलला,
"मॅडम, ह्यात काय पिकवताव?"
मी काचेची थाळी दाखवली.
म्हटलं, ही इथे रुजते, अगारवर.

"आगर?"
हातातला पाना त्याने खाली ठेवला.
"आमचा बी आगर होता. खाडीकडं. बापूस मीठ काढायचा."

हा वेगळा, मी म्हटलं, समुद्री शेवाळाची जेली असते.
"मंग समुद्राचाच ना."

मग त्याने सांगितलं:
कुंडीची जमीन पायांनी तुडवून तुडवून तव्यासारखी करायची.
पाणी घाईत घ्यायचं नाही.
बापूस बोट बुडवून चाखायचा, म्हणायचा, परवा. किंवा, नाय अजून.
आणि जास्त मीठ हवं असेल तर?
"तं आजून कुंड्या. खोल कोन खनतो?
खोल पान्याला ऊन गावत नाय."

मोटर गुरगुरत होती.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनर मागे घेणारा कुणीतरी ओरडत होता,
आन दे, आन दे.
मी बॅचशीटच्या पाठीवर दहा वर्तुळं काढली, वीस-वीस लिटरची.

कुरियन सरांनी कागद उलटा धरूनच विचारलं,
जागा कुठाय? माणसं? आणि गुंतवणूकदाराला
ही टाकी दाखवलीय आपण, त्याचं काय?
त्यांचंही खोटं नव्हतं.
एक महिना दिला. टाकी निळ्या ताडपत्रीखाली गेली.

सहावी बॅच, पहाटे सव्वापाच.
पाच भांडी पिवळी, तीन करडी,
दोन अजून ठरवतायत.
मी आकडे लिहीत होते, मान वर केली तेव्हा
बाळारामचं बोट पिवळ्या भांड्यात.
तोंडाकडे नेणार तोच मनगट धरलं,
नळाखाली धरलं, ओरडले, विष आहे ते, चाखायचं नसतं!
तो ओशाळला. "सवय," म्हणाला,
बापाची की स्वतःची, ते सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत बोट काळं पडलं.
चांदीचा डाग, साबणाने जात नाही,
कातडी नवी येईतो राहतो.
आठवडाभर गोठिवलीच्या नाक्यावर त्याला विचारत होते,
काय रे बाळाराम, मतदान कवा झालं?