मागची बाजू

एकोणीस वर्षं मी एक तबकडी शोधत होतो.
पंचेचाळीस फेऱ्यांची, मध्ये मोठं भोक,
निळं लेबल, त्यावर किटलीचं चित्र,
आणि गाण्याचं नाव छापताना चुकलेलं, असं म्हणतात.
पुढच्या बाजूला प्रेमभंग,
तेव्हा सगळेच गायचे तसला.
मागच्या बाजूला माझी आई.

म्हणजे आई नव्हे, आईचं गाणं.
कोंबड्या सोलताना ती म्हणायची,
क्लीव्हलंडच्या एकशेपाचव्या रस्त्यावर,
दुकानाच्या मागल्या अंगाला, वाफेत.
समोर स्टुलावर पिसं उपटत बसायची
सतरा वर्षांची ओडेसा प्रुइट, अलाबामाहून आलेली.
ओडेसा! त्या नावाच्या बंदरावर
माझा बाप लहानपणी एक रात्र उपाशी निजला होता.
तो तिला हाक मारायचा आणि एकटाच हसायचा.

ऐकीव हकीकत अशी:
स्टुडिओची वीस मिनिटं उरली होती, पैसे भरलेले.
ऑर्गनवाला म्हणाला, गा काहीही.
तिने हे काढलं.
ड्रमवाल्याला शब्दांचा पत्ता लागेना,
म्हणून तो मागे रेलून वाजवत राहिला,
अंत्ययात्रेत सगळ्यात शेवटी चालणाऱ्यासारखा.

तीनशे प्रती निघाल्या.
मग रस्ता पेटला. मग आम्ही उपनगरात.
सिनेगॉगचं बाप्टिस्ट चर्च झालं,
खिडकीतला सहा टोकांचा तारा
त्यांनी राहू दिला, काच महाग होती म्हणून असेल,
किंवा नसेल.

मी टोलीडोतली गॅरेजं उपसली.
मेलेल्यांच्या घरचे लिलाव,
मांजरांनी मुतलेली खोकी,
ज्यूकबॉक्स दुरुस्त करणाऱ्यांच्या विधवा.
बोटांची टोकं काळी, पाठ गेलेली,
बायको म्हणाली, तुझं लग्न त्या किटलीशी लावून देऊ.
मधल्या काळात यिडिश शिकलो,
साठीत, दर मंगळवारी, वही घालून.
घरात ती भाषा फुकट होती तेव्हा
मी तिला इंग्रजीत उत्तरं द्यायचो.

ॲक्रनचा वेंडेल टिबेट, ज्याच्याकडे सगळं असतं,
फोनवर म्हणाला, ती तबकडी नाही माझ्याकडे.
बाईचा पत्ता आहे.
बाई आहे का, हे कुणाला विचारलं नाहीस?

नव्हतं विचारलं.

ती ओसरीवर शेंगा मोडत बसली होती,
नाकात ऑक्सिजनची नळी.
"त्सिर्लचा धाकटा तू. कोंबडीचे पाय घेऊन
पोरींच्या मागे धावायचास."
तबकडी? आहे की.
आतून आणली. एका नातवाने उन्हात विसरली होती,
वाकून वाटी झालेली.
तिच्यात बटणं.
लेबल तेवढं शाबूत. नाव खरंच चुकलेलं.

मी बटणं ओतली नाहीत.
म्हटलं, निदान आपण दोघं म्हणू.
आणि सुरुवात केली, वर्गात शिकवलं तशी, स्वच्छ:
कुम अहेम...

तिने शेंगेचा हात वर केला.
"किम," ती म्हणाली.
"किम अहाइम. ओठ गोल नको, ओढून धर.
कुम म्हटलं की तुझी आई मला डाव मारायची."

किम.
पोलंडच्या एका खेड्याचा उकार
तिथे इकार होऊन राहायचा.
तसं म्हणणारं तिथे आता कुणी नाही,
आणि माझ्या तोंडात तर तो कधी आलाच नाही.
तो इथे होता, या ओसरीवर,
अलाबामाच्या जिभेवर, साठ वर्षं,
न वाकता.

ती गायली. श्वास पुरेना, तिथे थांबत.
शेवटच्या ओळीला तिने आवाज खाली सोडला,
आई असा सोडायची नाही.
ते तिचं स्वतःचं.

म्हणाली, यावर पाच पोरं निजवली मी.
अर्थ कुणी सांगितलाच नाही.
मी म्हटलं, सांगतो, सोपा आहे, दोनच शब्द...

"थांब," ती म्हणाली,
"आधी नीट म्हणून दाखव."

किम, मी म्हणालो.

"पुन्हा."