सफेदा

बी.ए. तिसरं वर्ष, एप्रिल, दुपारचा तास.
लाईट गेलेली. कूलरच्या वाळ्यात अजून थोडी ओल आहे
आणि मी सांगते आहे सोळाशे नऊचं लंडन:
आठवड्याला तिसाच्या वर प्रेतं गेली
की नाटकघरांना कुलूप.
मग गाडीत पेट्या टाकून नट गावोगाव,
मिळेल त्या खानावळीच्या अंगणात.

बायका नव्हत्या, म्हणते मी. पोरं होती.
तेरा-चौदा वर्षांची, उस्तादाच्या घरी राहून शिकणारी,
कमरेला वेताचा घेर, तोंडाला सफेदा.
सफेदा म्हणजे शिसं.
शिसं कातडी खातं.

इथे मी फळ्याकडे वळते, लिहायचं काही नसताना.

इतवारीच्या किराणा ओळीत
चार आण्यांना पुडी मिळायची मुर्दाडशिंगाची.
माझा बाप, डोमाजी, खडी गंमतीतला नाच्या,
मंडईच्या दिवसांत ते खोबरेलात मळायचा तळहातावर,
आरशातून मला विचारायचा,
"तुह्या मायसारखा दिसतो का नाई?"
माय चुलीकडे तोंड करून बसलेली.
पुढे त्याचे गाल
उधईनं खाल्लेल्या चौकटीसारखे झाले.

नटाला अख्खं नाटक कोणी देत नसे, मी पुढे सांगते.
कागद महाग, आणि चोरीची भीती.
एका लांब पट्टीवर फक्त त्याची वाक्यं
आणि समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द.
ते कानावर आले की आपण बोलायचं.
मधे कोण रुसलं, कोण कोणाला विष देऊन गेलं,
ते उभं राहिल्यावरच कळायचं.

मलाही बापाची एवढीच गुंडाळी मिळाली.
उमरेडला कोणत्या सावकारानं त्याला रात्री थांबवलं,
तो पहाटे बारा कोस चालत का आला,
एका हातात फुटक्या बांगड्या,
आणि त्यानंतर सरळ मॉडेल मिलच्या रातपाळीत का जाऊन उभा राहिला,
ती पानं दुसऱ्या कोणाकडे असतील.

मेडिकलच्या वॉर्डात, सलाईन संपत आलेलं,
शेवटचे तीन शब्द नीट ऐकू आले:
"घुंगरं इकू नोको."
माझं वाक्य माझ्यापाशी होतं.
बाबा, ती एम.ए.च्या फीमधे गेली.
मी बोलले नाही.
नर्स आली, पडदा ओढला.

"मॅडम," मागच्या बाकावरून खुशाल धुर्वे,
"आवाज फुटल्यावर त्या पोरांचं काय व्हायचं?"

काहींना राजाची कामं मिळाली, मी सांगते.
भाला धरून उभं राहण्याची काहींना.
बाकीच्यांची नोंद नाही.

तेवढ्यात लाईट येते, कूलर खाकरून सुरू होतो,
वह्यांची पानं फडफडतात.
खुशाल कोपरानं पान दाबून धरतो
आणि लिहितो: नोंद नाही.
खाली रेघ ओढतो,
परीक्षेत येईल म्हणून.