पंचवीस खोकी

तिसऱ्या आठवड्यात मला पीटरहेडला पाठवलं,
शीतगृहातले मासे मोजायला.
उणे बावीस. पेन चालेना.
डथी नावाच्या म्हाताऱ्या गोदामवाल्यानं
कानामागची पेन्सिल काढून दिली :
"ऑफिसात थंडी शिकवत नाहीत वाटतं?"

पंचवीस खोकी निवडायची, पंचवीसच उघडायची,
बाकी चार हजारांवर विश्वास.
चोविसाव्यात हॅडॉक निम्मेच निघाले.
डथी बुटावरचा बर्फ झाडत राहिला,
मग म्हणाला, "लिही ना. आहे ते लिही."

परतताना इशबेलनं लॅपटॉप मांडीवर घेतला.
"वीस हजार पौंडांखालचं आपण धरत नाही.
नगण्य."
आणि गाडीतला हीटर वाढवला.

आमची बोट विकली गेली तेव्हा
वडिलांच्या वाट्याला आले अकरा हजार.
आई ते ओट्यावर मोजत होती,
मध्येच कुणी हाक मारली की
पुन्हा पहिल्या नोटेपासून.

मी रकान्यात बरोबरची खूण केली.
इशबेल म्हणाली, हात बसतोय हं तुझा.

पेन्सिल परत द्यायची राहूनच गेली.
कोटाच्या खिशात आहे अजून,
माशांचा वास जात नाही,
मागच्या टोकाला दातांच्या खुणा,
त्यातल्या काही आता माझ्या.