वजा अठरा

उद्या सकाळी जिल्दिझच्या हाती किल्ल्या देईन.
आठ आहेत. आठवी कशाची
ते मलाही कधी कळलं नाही,
पण ती जुडग्यातून काढू नकोस, असं सांगेन.

हे लोकरीचं गोदाम होतं.
पहिली तीन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली
हिमकणांच्या शेजारी मेंढीचा एखादा केस
हटकून सापडायचा.
मॉस्कोहून आलेला म्हातारा परीक्षक म्हणाला,
"बाई, तुमच्या हिमनदीला थंडी वाजते की काय?"
तेव्हा मी हसले नाही.

पगार नव्हते त्या हिवाळ्यात
आमचा गणिती सागिनबेक
दिवसा बाजारात बॅटऱ्या विकायचा,
संध्याकाळी हातमोज्यांची बोटं कापून
बर्फाच्या जाडीची समीकरणं सोडवायचा.
दोन वर्षं थांब, म्हटलं होतं त्याला.
तो नऊ वर्षं थांबला.
मग कझानला गेला, टॅक्सी चालवायला.
निरोप द्यायला मी स्टँडवर गेले नाही.
मंत्रालयात डिझेलच्या अर्जावर सही घ्यायची होती.
अजूनही विचारलं कुणी तर
डिझेलचंच कारण सांगते.

तीस वर्षांत माझ्या नावावर चार शोधनिबंध.
बाकी सगळं लेखन "महोदय, सविनय" या मायन्याखाली.
बिश्केकचे किती उंबरठे झिजवले,
एका सचिवाच्या मुलीच्या लग्नात
भरल्या पोटी दोनदा जेवले,
आणि शीतपेटी मिळवली.

तिच्यावर लाल आकड्यांचं तापमापक.
रात्री तीनला जाग आली की पहारेकऱ्याला फोन.
"तोक्तोसुन, किती?"
"वजा अठरा, बाई. झोपा."
तो गेल्याला पाच वर्षं झाली.
तीनला जाग अजून येते.

हिवाळ्यात वीज गेली तर आम्ही नुसत्या खिडक्या उघडायचो;
बाहेरचं नारिन शीतपेटीहून गार.
पण ती गेली जुलैमध्ये, चार दिवस.
जनरेटर पहिल्याच रात्री बसला.
खिडक्या उघडल्या, तर माश्या आल्या.

आक-बुलुंगच्या पोटातून काढलेले,
याकच्या पाठीवरून उतरवलेले एकशे बारा मीटर.
त्यातले सत्तर त्या आठवड्यात गेले,
एकेक साल फरशीवर टपटपत.
छत गळतं तसा तोक्तोसुन
बादल्या सरकवत फिरत होता.
पहाटे त्यानं विचारलं,
"बाई, हे ओतू कुठे?"

कुठेही ओत, म्हणायला जीभ रेटेना.
मी तशीच उभी.
शेवटी त्यानंच एकेक बादली उचलून
कुंपणालगतच्या पॉप्लरच्या रोपांना घातली,
घाई न करता, मुळाशी, आळं करून.

ती झाडं आता दुमजली उंचीची आहेत.
पाहुणे त्यांच्याखाली फोटो काढतात.
त्यांच्या खोडात कुठल्या ज्वालामुखीची राख मुरलीय,
मी सांगत बसत नाही.

पहिल्या ऑगस्टला हिमनदीच्या तोंडाशी
आम्ही लोखंडी खुंट ठोकला होता.
आज तो गवतात आहे,
धनगरांची पोरं त्याला बोकड बांधतात.
मी अशी संस्था उभी केली
जिचा विषयच वर्षाला अकरा मीटर मागे सरकतो.
यात यश कशाला म्हणायचं?
आम्ही नीट मोजलं, एवढं म्हणू शकते.
एका वर्षीचं चुकलं होतं, तेही छापलं.

जिल्दिझ नऊ वर्षांची असताना
शाळेबरोबर आली होती,
आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून
सतराव्या शतकाला तिनं जीभ लावली.
मी केवढ्यानं ओरडले होते!
चव कशी होती, ते विचारायचं राहूनच गेलं.

उद्या विचारेन.
आधी म्हणेन, जनरेटरचं तेल बघून ये.