थांबलं की ताप

चालताना काही नाही, फुल्हेन्सियो सांगतो,
काटा मधोमध, शहाण्यासारखा.
थांबलं की चढतो.
पोलिसांच्या नाक्यावर, गुरं रस्ता ओलांडताना,
कुणाशी दोन शब्द बोलायला काच खाली केली की.

न्या देओलिंदा बोनेट उघडते,
तवा तापलाय का बघावं
तसा तळवा रेडिएटरवर अधांतरी धरते.

जानेवारी. चाकोचा सपाट, पांढरा जानेवारी,
सावलीत चव्वेचाळीस.
व्हॅनच्या काचेवर जपानी अक्षरांचं स्टिकर,
आमच्यात कुणालाच न वाचता आलेलं,
आणि मागे खोक्यांत तीनशे पिल्लं,
कालच अंड्यातून निघालेली.

एसी लाव, ती म्हणते. तो लावतो.
पंखा उठायला हवा होता.
ती एक पातं बोटाने ढकलते:
दोन सैल गिरक्या. म्हणजे जाम नाही.
फ्यूज काढून उजेडाकडे धरते,
आतली तार सलग.
हॉर्नची रिले उपटून पंख्याच्या जागी बसवते:
टिक्.
बस, टिक्.
बोलावणं पोचतं, माणूस येत नाही.

मोटर गेली, फुल्हेन्सियो म्हणतो,
असुन्सियोनहून मागवावी लागणार,
पाचशे किलोमीटर, तोवर या पिल्लांचं
(उरलेलं वाक्य तो तेरेरेच्या नळीत बुडवतो.)
मीही मान डोलावली. मोटर गेली.
मला सोळावं लागलं होतं
आणि मोटर गेली असं म्हणायला मला फार आवडायचं.

ती बॅटरीच्या धन टोकावरून एक तार ओढते,
थेट मोटरला टेकवते.
काही नाही.
बघा, फुल्हेन्सियो म्हणतो.
ती बघत नाही. दुसरी तार घेते,
ऋण टोकाची,
तीही टेकवते.

पंखा असा उसळला की
बोनेटखालची दोन वर्षांची धूळ
माझ्या तोंडात.

जिवंत आहे, ती म्हणाली.
येणारं येतंय. परतीची वाट बंद आहे.

मग काळ्या तारेवर बोट ठेवून ती निघाली,
आजारी माणसाची नाडी न सोडता चालावं तशी,
पंख्याच्या मागून, हेडलाइटखालून,
बॅटरीच्या तळाशी, एका बोल्टपर्यंत.
आमच्याकडे या तारेला माती म्हणतात.
गाडीच्या पत्र्यालाच माती म्हणायचं,
चार रबरी चाकांवर उभ्या,
जमिनीला कुठेच न टेकलेल्या पत्र्याला.

तारेच्या टोकाखाली रंग होता.
पांढरा, गुळगुळीत, दोन हात.

मागच्या जूनमध्ये फुल्हेन्सियोने गाय ठोकली
तेव्हा ही बाजू मी रंगवली होती,
एकट्याने केलेलं पहिलं काम.
बोल्ट काढला, पत्रा रंगवला,
बोल्ट पुन्हा कसला, वरून आणखी एक हात,
कुठे ओघळ नाही, कुठे फुगा नाही.
सुंदर, ती म्हणाली होती तेव्हा.

मला अर्थ लागला.
तिला माझ्याआधी लागला असणार.
खारी धूळ, ती फुल्हेन्सियोला म्हणाली,
इकडे सगळं खाते ती,
आणि मागे न बघता
पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात दिला.

मी घासलं.
रंग उतरला, त्याखालचा हिरवट गंज उतरला,
पत्रा उघडा पडला तरी घासत राहिलो,
शेवटी तिने मनगट धरलं. पुरे. भोक पाडशील.

मग इंजिन सुरू, गाडी उभी.
तिघेही काट्याकडे बघत,
काटा मधल्या रेघेवर, रेघेच्या वर,
आणखी एक केस वर,
फुल्हेन्सियोचा हात चावीकडे,
थांब, ती म्हणाली, चढू दे.

टिक्.
आणि तो आवाज,
कुणीतरी मोठा श्वास घेऊन सोडतच राहावं तसा.

निघण्यापूर्वी फुल्हेन्सियोने खोकी उघडून पाहिली.
ओठांनी मोजत होता, दोनदा चुकला.
दोनशे अठ्ठ्याण्णव, तो म्हणाला.
त्या दोघांचा हिशेब कुणाकडे, हे कुणी विचारलं नाही.
न्या देओलिंदाने तेरेरेत थंड पाणी ओतलं
आणि पहिला घोट
मला दिला.