छपरावरचा रंग

बाड्यावरच्या पथारीवर त्यानं ऐंशी सांगितले.
इंजिन चालत नव्हतं, म्हणून साठला दिली.
प्लास्टिकची, चकचकीत,
तोंडावर हसरे डोळे रंगवलेली आगगाडी.
घरी आणून आधी डोळे खरवडले.
मग ब्लेडनं डब्यांची उंची उतरवली,
लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या नव्या बाजू चिकटवल्या,
आणि खिडक्यांना काच म्हणून
सासऱ्यांच्या छातीचा जुना एक्सरे.
उजेडात धरला की तिसऱ्या खिडकीत
अजून एक बरगडी दिसते.

खऱ्या मॉडेलची किंमत मी एकदा दुकानात विचारली होती
आणि मग बराच वेळ
त्यांच्या पंख्याकडे बघत उभी राहिले होते.

राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे.
तिला पुसायला माणसं असतील.
माझीला मळवायला मी एकटी,
रात्री भांडी झाल्यावर, ओट्याच्या कडेला.

व्हिनेगरमध्ये आठ दिवस तारेची घासणी: हा गंज.
समईची काजळी: हा धूर.
चकाकी मारायला टाल्कम पावडर.
पोपडे निघावेत म्हणून ओल्या रंगावर मीठ पेरायचं,
वर दुसरा हात द्यायचा,
आणि वाळलं की दातांच्या जुन्या ब्रशनं खरडायचं.
माती मात्र सुमावलीची, बीहडातली,
चहाच्या गाळणीतून दोनदा.
एकूण खर्च वहीत आहे, एकशे बारा रुपये.
मीठ धरलेलं नाही.

पहिल्या तारखेला पेन्शनच्या रांगेत मुन्नालाल राठौर,
छोट्या लाइनीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं पेंटर.
काउंटरखालच्या पिशवीतून जेवणाचा डबा काढला,
आणि त्यातून हा डबा.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"किसने बिगाड़ा?"
मी म्हटलं, मीच.
मागे रांग खोकली.

छपरावर बोट टेकवून म्हणाले,
इथं गंज? इथं कसा येईल बाईसाहेब,
इथं तर माणसं बसायची.
जौऱ्यापासून कैलारसपर्यंत,
लग्नसराईत टपावरसुद्धा जागा मिळायची नाही.
बोचकी, दुधाचे कॅन, एकदा एक बकरी.
टपाचा रंग गंजला नाही, घासला गेला.
मधोमध गुळगुळीत, कडेला टाचांचे ओरखडे.
गंज हवा तर पायरीच्या मागे लावा,
पाणी जिथं थांबतं
आणि बघायला कोणी वाकत नाही.

मला कळायला हवं होतं.
वीस वर्षं नोटा मोजतेय.
नोट कधी सगळीकडून जुनी होत नाही.
घडीवर होते,
आणि जिथं अंगठा लागतो तिथं.

त्या रात्री छपरावरचा सगळा गंज धुतला.
चमच्याची पाठ घेऊन मधला भाग घासत बसले,
इतका वेळ, की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.
सांगितलं, माणसं बसवतेय.

पुढच्या महिन्यात पाचही डबे नेले.
मुन्नालालजींनी आधी सही केली.
हात थरथरतो, पण सही अजून पेंटरची,
प्रत्येक अक्षराला उजवीकडे सावली.
मग एकेक डबा उलटा करून पायऱ्यांमागे बघितलं.
काही बोलले नाहीत.
पाचवा अजून मळवायचा राहिला होता,
विटकरी, कोरा, नंबराचा पांढरा रंग ताजा.
तो त्यांनी हातातून लवकर सोडला नाही.

हा असाच राहू द्या, म्हणाले.
शेडमधून बाहेर पडायचा तेव्हा असाच असायचा.
घोसीपुऱ्यापर्यंत तरी.

तेव्हापासून त्याला ब्रश लावलेला नाही.
कपाटावर उभा आहे, चार मळक्यांच्या मागे.
धूळ मात्र आपली आपण बसतेय.
पुसायची का, हे विचारायला
पहिली तारीख अजून अकरा दिवस लांब आहे.