लांबचा

पोटचे सगळे जवळ फिरतात, गोलमटोल,
कड्यांच्या झळाळीत, एका पातळीत,
पंगतीला बसल्यासारखे.
हा लांबचा.
दोन कोटी किलोमीटरवरून नातं सांगणारा,
तेही उलट्या अंगाने.
सगळ्यांची प्रदक्षिणा चाललेली असताना
ह्याची अप्रदक्षिणा;
एका फेरीला तीन वर्षं,
आणि घाई कोणालाच नाही.

तीन किलोमीटरचा दगड, कोळशासारखा काळा.
केव्हातरी कुठल्यातरी टकरीतून उडालेला,
जाता जाता शनीच्या पदरात अडकलेला.
नाव नाही. एक साल, एक अक्षर, एक आकडा.

आताकामाच्या डोंगरावर
रोसाल्बा कोल्के रात्रपाळीला आहे.
थर्मासमध्ये कोकाच्या पानांचा काढा,
पायात मोज्यांचे दोन जोड.
घुमटात ऊब ठेवता येत नाही,
आरशाला खपत नाही.

नऊ वर्षांपूर्वी हा दिसला होता, चार रात्री.
मग ढग आले.
मग चंद्र आला : आपला, मोठा, निर्लज्ज उजळ.
मग दुर्बिणीची पाळी दुसऱ्या कुणाची लागली.
चार रात्रींत कुणाची वाट कळत नाही.
कागदावर शेरा पडला : हरवला.

रोसाल्बाला तो शब्द खटकतो.
बाप लामा राखायचा, तोकोनाओच्या वर,
मिठाच्या कडेकडेने उगवणाऱ्या गवतात.
लामांच्या कानांत तांबड्या लोकरीचे गोंडे.
दिवस कलताना मोजायचा,
एकेका लामाला एकेक खडा
ह्या खिशातून त्या खिशात टाकत.
एक खडा बहुतेकदा उरायचा.
"हरवली?"
"नाही गं. लांब आहे."
आणि चहा ठेवायचा.

आज तीन तासांत चाळीस फोटो.
ती ते एकावर एक रचते, प्रत्येक जरासा सरकवून,
शनीच्या चालीने.
जन्मात जागचे न हललेले तारे
ओघळायला लागतात,
पांढऱ्या रेघा होतात, ओरखडे होतात,
आणि त्या ओरखड्यांच्या मधोमध,
धुळीचा म्हणून पुसावा इतका करडा,
एक ठिपका
नुसता थांबलेला.

ती लगेच कुणाला उठवत नाही.
ह्यातला शेवटचा उजेड तिथून निघाला तेव्हा
ती खाली स्वयंपाकघरात
पावावर आव्होकाडो चुरडत होती,
मीठ शोधत होती.

अहवालात दोनच रकाने आहेत :
हरवला. सापडला.
ती बोट दुसऱ्यावर नेते, मागे घेते.
काढा गार झालाय, तोच पिते.
शनी डोंगराला टेकायला आला.
घुमट बंद करायला हवा,
आणि उद्या पुन्हा बघायला हवं,
परवाही;
एका रात्रीचं कोण धरतं.